चांदीपुऱ्याचा विषाणू आणि पेशीचं दार



संपादक मंडळाने सांगितलं, "आठवणींचे लेख भरपूर आलेत, तू काहीतरी माहितीचं लिही." मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहिते. जीवशास्त्राशी माझा संबंध दहावीनंतर सुटला. तरीही विषय जीवशास्त्रातला निवडला, कारण तो आपल्या ग्रुपवरच्याच एका प्रश्नातून आला. २०२४ च्या जुलैमध्ये गुजरातेत लहान मुलं तापाने दगावत असल्याच्या बातम्या येत होत्या. विषाणूचं नाव सांगत होते 'चांदीपुरा'. ग्रुपवर कुणी विचारलं, "म्हणजे ओडिशातलं चांदीपूर का, क्षेपणास्त्रं सोडतात ते?" दुसऱ्याने सवयीने चीनचं नाव घेतलं. दोन्ही उत्तरं चुकीची. चांदीपुरा हे गाव आपल्या महाराष्ट्रातलं, नागपूरकडचं. त्या रात्री मी वाचायला बसले आणि पुढे काही महिने वाचतच राहिले. या गावाच्या नावाच्या विषाणूची गोष्ट सांगायची तर विषाणू पेशीचं पटल फोडून आत कसा शिरतो, हे माणसाला कसं कळलं त्याचीही गोष्ट सांगावी लागते. म्हणून दोन्ही एकत्र सांगते. आपल्या बॅचच्या डॉक्टरांनी वाचताना हातात लाल पेन घेऊ नये, एवढीच विनंती.

सुरुवात पुण्यात होते. १९५२ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि अमेरिकेचं रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून तिथे व्हायरस रिसर्च सेंटर काढलं. डास, गोचीड, माश्या यांच्या चाव्यातून पसरणारे विषाणू शोधणं हे त्याचं मुख्य काम. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात जंगलातली माकडं मरू लागली आणि माणसंही तापाने आजारी पडू लागली. तिथला क्यासनूर जंगलाचा विषाणू याच केंद्राने शोधून काढला. १९७८ मध्ये केंद्राचं नाव राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था असं झालं. कोविडच्या काळात रोज बातम्यांत ऐकलेली 'एनआयव्ही' ती हीच.

१९६५ मध्ये नागपूर भागात तापाची मोठी साथ होती, डेंग्यू आणि चिकुनगुनियाची. पुण्याच्या केंद्राकडे रुग्णांच्या रक्ताचे नमुने तपासायला आले. प्रवीण भट आणि एफ. एम. रॉड्रिग्ज हे शास्त्रज्ञ त्यावर काम करत होते. चांदीपुऱ्याच्या दोन रुग्णांच्या रक्तातून जे निघालं ते डेंग्यूही नव्हतं आणि चिकुनगुनियाही नव्हतं. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर तो नमुना टाकला की पेशी झपाट्याने मरत. १९६७ मध्ये दोघांनी शोधनिबंध छापला आणि पद्धतीप्रमाणे गावाचं नाव विषाणूला दिलं. गावाचा त्यात काही दोष नाही. पण नाव चिकटलं ते चिकटलं. आता रोगांना गावांची नावं देऊ नयेत असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, तेही याच कारणाने.

१९७० मध्ये दुसरा धागा सापडला. औरंगाबादजवळ, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरकडे, पकडलेल्या वाळूमाश्यांमध्ये हाच विषाणू असल्याचं त्या साली छापून आलं. वाळूमाशी म्हणजे सँडफ्लाय. डासापेक्षा कितीतरी लहान, अंगावर बारीक केस, फार लांब उडता येत नाही, टुणटुण उड्या मारत जाते. मातीच्या भिंतींच्या भेगा, गोठ्याची ओल, शेणाचा आणि पालापाचोळ्याचा ढीग ही तिची घरं. आपल्या लहानपणी धाब्याची आणि कुडाची घरं किती होती ते आठवा, म्हणजे ही माशी आपल्याला काही परकी नाही हे लक्षात येईल.

यानंतर बरीच वर्षं चांदीपुरा विषाणू प्रयोगशाळेच्या शीतकपाटात आणि मोजक्या शोधनिबंधांत राहिला. साधा ताप आणणारा किरकोळ विषाणू अशीच त्याची ओळख होती. मधल्या काळात जगात दुसरीकडे वेगळ्याच प्रश्नावर काम चाललं होतं. तो प्रश्न असा, की विषाणू पेशीत शिरतो कसा?

हा प्रश्न कळायला पेशीचं कुंपण कळायला हवं. विज्ञानाच्या तासाला आपण कांद्याचा पापुद्रा सोलून काचपट्टीवर ठेवायचो, आयोडीनचा थेंब टाकायचो आणि सूक्ष्मदर्शकाखाली विटा रचल्यासारख्या पेशी बघायचो. आपल्या देवळ्यात या प्रयोगाला साहित्य कधी कमी पडलं नाही. त्या विटांच्या ज्या जाड रेषा दिसत, ती पेशीभित्तिका. वनस्पतींना ती असते, आपल्याला नसते. आपल्या पेशीभोवती असतं ते फक्त पेशीपटल, आणि ते शाळेच्या सूक्ष्मदर्शकातून दिसणं शक्यच नव्हतं. त्याची जाडी सुमारे ५ नॅनोमीटर, म्हणजे असे दोन लाख थर एकावर एक ठेवले तर एक मिलिमीटर होईल.

१९२५ मध्ये नेदरलँड्समधल्या गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी तांबड्या रक्तपेशींतला मेद काढून पाण्यावर पसरला आणि त्याचं क्षेत्रफळ मोजलं. ते पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरलं. त्यावरून त्यांनी ताडलं की पटल मेदाच्या दोन थरांचं आहे. मेदाच्या रेणूचं डोकं पाण्याकडे वळतं आणि शेपट्या पाण्यापासून पळतात. म्हणून शेपट्या आत, डोकी बाहेर, असा दुहेरी थर आपोआप जमतो. १९७२ मध्ये सिंगर आणि निकोलसन यांनी सांगितलं की हा थर भिंतीसारखा घट्ट नसून तेलासारखा हलता आहे आणि त्यात प्रथिनं तरंगतात.

चांदीपुऱ्याचा विषाणू स्वतःही अशाच पटलात गुंडाळलेला असतो. आकार बंदुकीच्या गोळीसारखा, लांबी सुमारे दीडशे नॅनोमीटर. आत आरएनएची एक दोरी, सुमारे ११ हजार अक्षरांची, आणि त्यात मोजकी पाच मुख्य प्रथिनं बनवण्याची माहिती. मी ज्या धंद्यात आहे तिथे अकरा हजार अक्षरांत साधा लॉगिनचा पडदासुद्धा नीट लिहून होत नाही. या पाच प्रथिनांपैकी पटलाच्या बाहेर डोकावतं ते एकच. त्याला शास्त्रज्ञ 'जी' म्हणतात. पेशीला चिकटणं आणि पेशीचं दार उघडणं ही दोन्ही कामं हे एकटं प्रथिन करतं.

आता अडचण बघा. एका बाजूला विषाणूचं पटल, दुसऱ्या बाजूला पेशीचं. दोन्ही मेदाची. तेलाचे दोन थेंब एकत्र येतात तशी ती सहज एक होतील असं वाटतं, पण तसं होत नाही. दोघांच्या डोक्यांना पाणी घट्ट धरून असतं आणि ते पाणी मधून हटवायला ताकद लागते. तसं नसतं तर आपल्या शरीरातल्या सगळ्या पेशी एकमेकींत विरघळून गेल्या असत्या. मग विषाणूजवळ ही ताकद येते कुठून? त्याच्याकडे इंधन नाही, इंजिन नाही.

पहिला पुरावा जपानमधून आला. १९५७ मध्ये ओसाकाच्या योशिओ ओकादा यांनी दाखवलं की सेंदाई नावाच्या विषाणूमुळे शेजारशेजारच्या पेशी एकमेकींत मिसळतात आणि अनेक केंद्रकं असलेली एक मोठी पेशी तयार होते. गोवराच्या रुग्णांत अशा राक्षसी पेशी १९३१ मध्येच दिसल्या होत्या, पण त्यामागचं कारण माहीत नव्हतं. आता कळलं की पटलं जोडण्याची ताकद विषाणूच्या बाहेरच्या प्रथिनांतच आहे.

दुसरा पुरावा १९८० चा. जर्मनीतल्या हायडेलबर्गमध्ये आरी हेलेनियस, काई सिमोन्स आणि त्यांचे सहकारी यांनी सेमलिकी फॉरेस्ट या विषाणूचा माग काढला. त्यांना दिसलं की पेशी विषाणूला स्वतःच आत ओढून घेते. पटलाचा एक खळगा होतो, तो आत गळून पडतो आणि त्याची पिशवी बनते. विषाणू त्या पिशवीत बंद असतो. अन्न जिरवावं तसं पेशी पिशवीत आम्ल सोडू लागते. आणि नेमकं ते आम्लच विषाणूची खूण असते. पिशवी आंबट झाली की विषाणूचं प्रथिन रूप पालटतं, पिशवीच्या पटलाशी आपलं पटल जोडतं आणि विषाणूतला माल पेशीच्या आत सांडतो. पेशीने मारायला घेतलेला पाहुणा तिच्याच हत्याराने सुटतो.

तिसरा टप्पा म्हणजे प्रथिनाचा प्रत्यक्ष आकार बघणं. १९८१ मध्ये इयन विल्सन, जॉन स्केहेल आणि डॉन वायली यांनी फ्लूच्या विषाणूच्या बाह्य प्रथिनाची रचना क्ष-किरणांनी मांडली. १९९४ मध्ये आम्लात पालटलेलं त्याचं रूप दिसलं. दोन्ही शेजारी ठेवल्यावर कोडं सुटलं. हे प्रथिन म्हणजे दाबून खटक्यात अडकवलेली स्प्रिंग. पेशी ते बनवते तेव्हाच त्यात ताकद भरून ठेवली जाते. आम्ल लागलं की खटका सुटतो. म्हणजे विषाणूला इंजिन लागत नाही, चावी आधीच दिलेली असते.

चांदीपुऱ्याच्या जी प्रथिनाची पाळी उशिरा आली. आधी २००६ आणि २००७ मध्ये फ्रान्समधल्या शास्त्रज्ञांनी त्याच्या जवळच्या भावाची दोन्ही रूपं मांडली. तो भाऊ म्हणजे गुरांना आणि घोड्यांना तोंडात फोड आणणारा व्हीएसव्ही हा विषाणू. २०१५ मध्ये त्यांच्याच गटाने खुद्द चांदीपुऱ्याच्या जी प्रथिनाचं आम्लातलं रूप प्रसिद्ध केलं. नागपूरच्या एका गावातून निघालेलं प्रथिन पॅरिसजवळच्या प्रयोगशाळेत क्ष-किरणांखाली गेलं, हे वाचताना मला जरा गंमत वाटली.

त्याची क्रिया साधारण अशी. जी प्रथिनं तीन-तीनच्या जुडग्याने उभी असतात. प्रत्येकाच्या एका टोकाला पाण्याला घाबरणाऱ्या अमिनो आम्लांची छोटी वळणं असतात. एरवी ही वळणं विषाणूच्याच पटलाकडे तोंड करून खाली झुकलेली असतात. आम्लता वाढली की प्रथिनातल्या काही जागांवरचा विद्युतभार बदलतो, जुने सांधे सुटतात आणि प्रथिन लांब होऊन वर उसळतं. वळणं पेशीच्या पटलात रुततात. मग प्रथिन केसाच्या पिनेसारखं मधोमध दुमडतं. एक टोक विषाणूच्या पटलात, दुसरं पेशीच्या, त्यामुळे दुमडताना दोन्ही पटलं जवळ खेचली जातात आणि मधलं पाणी बाजूला होतं. आधी समोरासमोरचे थर मिसळतात, मग आतले, आणि शेवटी एक छिद्र पडून रुंद होतं. त्यातून आरएनएची दोरी पेशीत उतरते. पुढे पेशीचा कारखाना विषाणूच्या प्रती काढायला लागतो. नव्या जी प्रथिनांच्या जुड्या पेशीच्या पटलावर येऊन बसतात, आणि नवा विषाणू बाहेर पडताना त्याच पटलाचा तुकडा अंगावर शालीसारखा घेऊन जातो.

माझ्यातल्या इंजिनिअरला यात सर्वांत आवडलेला तपशील वेगळाच आहे. फ्लूचं प्रथिन एकदा सुटलं की परत अडकत नाही, फटाका एकदाच फुटतो. पण चांदीपुऱ्याच्या घराण्याचं जी प्रथिन आम्ल गेलं की परत पहिल्या आकारात येऊ शकतं. का? कारण नवं जी पेशीच्या आत तयार होऊन पृष्ठभागाकडे येताना वाटेत थोडं आंबट ठिकाण लागतं. तिथे खटका अवेळी सुटला तर माल वाया जाईल. फ्लूच्या विषाणूने त्यावर उपाय म्हणून प्रथिनाला आधी कुलूप लावलं, जे नंतर तोडावं लागतं. या घराण्याने मागे फिरण्याची सोय ठेवली. एकाच अडचणीची दोन उत्तरं, आणि दोन्ही कुणीही बसून आखलेली नाहीत.

इथून पुन्हा आपल्याकडे येऊ. २००३ च्या जूनपासून ऑगस्टपर्यंत त्या वेळच्या आंध्र प्रदेशात मुलांमध्ये मेंदूज्वराची भयंकर साथ आली. ३२९ मुलं आजारी पडली आणि १८३ दगावली. संध्याकाळपर्यंत खेळणारं मूल, रात्री ताप, मग झटके, उलट्या, बेशुद्धी, आणि पुष्कळदा एक-दोन दिवसांत शेवट. पुण्याच्या शास्त्रज्ञांना रुग्णांच्या नमुन्यांत सापडला तो ३८ वर्षं किरकोळ समजला गेलेला चांदीपुरा. त्याच हंगामात आपल्या विदर्भातही मुलं दगावली. २००४ मध्ये गुजरातच्या पूर्व भागात, २००७ मध्ये पुन्हा नागपूर विभागात साथ आली. काही तज्ज्ञांनी तेव्हा शंकाही घेतली. मेंदूत दिसणारी इजा विषाणूची वाटत नाही, कारण दुसरंच काही असेल, असं त्यांचं म्हणणं होतं. तो वाद शोधपत्रिकांतून बरीच वर्षं चालला. विज्ञानात वाद असणं वाईट नाही. पण वाद चालू असताना मुलं पावसाळ्यात मरत होती, हेही खरं.

२०२४ ची साथ ही वीस वर्षांतली सर्वांत मोठी. जागतिक आरोग्य संघटनेच्या नोंदीप्रमाणे जूनच्या सुरुवातीपासून १५ ऑगस्टपर्यंत देशात मेंदूज्वरासारख्या आजाराचे २४५ रुग्ण नोंदले गेले आणि त्यांतले ८२ दगावले. त्यांपैकी ६४ जणांमध्ये चांदीपुरा विषाणू असल्याचं तपासणीत पक्कं झालं. या रोगावर आजही खास औषध नाही आणि बाजारात लस नाही. २००९ मध्ये एनआयव्हीतल्या डॉ. विद्या अरणकल्ले आणि त्यांच्या सहकाऱ्याने हेच जी प्रथिन वेगळं तयार करून उंदरांना टोचलं आणि लस म्हणून त्याचा उपयोग होऊ शकतो असं दाखवलं. लस जी प्रथिनावरच का? कारण दार उघडणारा हातच जर शरीराच्या प्रतिपिंडांनी धरून ठेवला, तर विषाणू बाहेरच राहतो.

चांदीपुऱ्याचा आणखी एक नातेवाईक आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे. रेबीज. दोघं एकाच कुळातले, बंदुकीच्या गोळीच्याच आकाराचे, आणि रेबीजच्याही अंगावर जी प्रथिन असतं. लहानपणी कुत्र्याच्या वाटेला जाऊ नकोस, नाहीतर पोटात १४ इंजेक्शनं घ्यावी लागतील, ही धमकी कुणाला मिळाली नाही? ती जुनी लस मेंढीच्या मेंदूपासून बनवत. २००४ च्या अखेरीस भारतात तिचं उत्पादन थांबलं. आता पेशींत वाढवलेली लस दंडात देतात आणि तीही शरीराला जी प्रथिनाचीच ओळख करून देते. कुत्रा चावल्यावर जखम लगेच साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायला सांगतात, त्याचंही कारण आता तुमच्या लक्षात आलं असेल. साबणाच्या रेणूचं एक टोक मेदात घुसतं, दुसरं पाण्याला धरतं, आणि विषाणूची मेदाची शाल फाटून जाते. शाल गेली की तिच्यावर रोवलेली जी प्रथिनंही निकामी. हळद, चुना किंवा तिखट यांतलं काहीही हे काम करत नाही. धुतल्यावर लस मात्र घ्यायचीच.

शेतकऱ्यांच्या घरातल्या आपल्या मित्रांसाठी एक उदाहरण कांद्याचं देते. कांद्याच्या पातीवर आणि डोंगळ्यांवर गवती रंगाचे, मधे फुगीर असे लांबट ठिपके पडतात, त्यांतला एक रोग आयरिस यलो स्पॉट या विषाणूचा असतो. तो कांद्यावरचे फुलकिडे, म्हणजे थ्रिप्स, पसरवतात. या विषाणूलाही मेदाचं पटल आणि बाह्य प्रथिनं असतात. पण कांद्याच्या पेशीला बाहेरून पेशीभित्तिका असते, त्यामुळे दार उघडणाऱ्या या प्रथिनांचा तिथे उपयोग नाही. किडा पात खरवडून जखम करतो तेव्हाच विषाणू आत जातो. मग प्रथिनं कशासाठी? किड्याच्या आतड्याच्या पेशींत शिरण्यासाठी. म्हणजे पापुद्र्यात आपण बघितलेली ती जाड रेष कांद्याचं रक्षण करते. आपल्याला ती नाही, म्हणून आपल्याला प्रतिपिंडं लागतात.

कोविडबद्दल तर सगळ्यांनीच सोसलं आहे. एप्रिल २०२० मध्ये शेजारचं मालेगाव राज्यभर गाजत होतं, तेव्हा देवळ्यातले रस्तेही ओस पडले होते. आपल्या बॅचच्या घराघरांतून माणसं गेली. त्यांची नावं या स्मरणिकेत दुसऱ्या पानावर आहेत. देशातल्या पहिल्या रुग्णाचं निदान ३० जानेवारी २०२० ला झालं ते पुण्याच्या एनआयव्हीतल्या तपासणीवरूनच. पुढे तिथल्या शास्त्रज्ञांनी विषाणू वेगळा केला आणि त्यातूनच कोव्हॅक्सिन बनली. कोरोनाचं काट्यासारखं स्पाइक प्रथिन म्हणजे याच गोष्टीतलं आणखी एक पात्र. ते फुप्फुसाच्या पेशीवरच्या एसीई-२ या प्रथिनाला धरतं, पेशीच्याच कात्रीने कापून घेतं आणि मग स्प्रिंगसारखं उलगडून पटलं जोडतं. दगावलेल्या रुग्णांच्या फुप्फुसांत एकमेकींत मिसळलेल्या पेशी सापडल्या, ओकादांनी १९५७ मध्ये पाहिल्या होत्या तशाच. पुण्यात सीरमने बनवलेल्या कोव्हिशिल्डमध्ये या स्पाइकची फक्त कृती, म्हणजे जनुक, होतं. १६ जानेवारी २०२१ ला लसीकरण सुरू झालं, तेव्हा आपल्या दंडात टोचलं गेलं ते गेल्या साठ-सत्तर वर्षांत अनेक देशांत साठत आलेलं हे ज्ञान.

या ज्ञानाची दुसरी बाजूही सांगायला हवी. १९७५ मध्ये कोहलर आणि मिलस्टाइन यांनी दोन वेगळ्या पेशींचा संकर करून हवं तेच प्रतिपिंड बनवणारी पेशी तयार केली. पेशी जोडायला त्यांनी वापरला होता निष्क्रिय केलेला सेंदाई विषाणू. आज कर्करोगावर आणि संधिवातावर जी महागडी प्रतिपिंड-इंजेक्शनं देतात, त्यांचं मूळ तिथे आहे. आणि आपल्या मुंबईतलं उदाहरण म्हणजे नेक्सकार-१९. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून आलेल्या या उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली. रक्ताच्या काही कर्करोगांत रुग्णाच्याच पांढऱ्या पेशी बाहेर काढून त्यांत नवं जनुक घालतात आणि परत देतात. जनुक आत नेण्यासाठी रोग न करणारा, घडवलेला विषाणू वाहक म्हणून वापरतात. अशा वाहकांना पेशीचं दार उघडता यावं म्हणून जगभर बहुधा व्हीएसव्हीचं जी प्रथिन चढवतात. म्हणजे चांदीपुऱ्याच्या सख्ख्या भावाचं. जे प्रथिन गुरांच्या तोंडात फोड आणतं, तेच औषधाला पेशीत पोचवण्यासाठी कामाला लावलं आहे.

हे सगळं लिहिण्यामागे माझा एक स्वार्थ आहे. गुजरातची सीमा आपल्यापासून लांब नाही. कळवण ओलांडून सापुतारा गाठलं की डांग सुरू होतो. पावसाळ्यात आपल्या शेतांवर कांदा लागवडीला, निंदणीला सुरगाणा-पेठकडची आणि डांगातली माणसं येतात. ती बांधावरच्या पालात किंवा जुन्या मातीच्या खोलीत राहतात. त्यांची लेकरं तिथेच जमिनीवर झोपतात. बहुतेकदा शेजारी गोठा असतो, शेणाचा ढीग असतो, भिंतीला भेगा असतात. वाळूमाशीला याहून सोयीची जागा नाही. चांदीपुऱ्याची आजवरची साथ ज्या मुलांवर आली, ती बहुतांश अशाच घरांतली, पंधरा वर्षांच्या आतली होती.

त्या खोल्यांच्या भेगा एकदा लिंपून घेणं, शेणाचा उकिरडा झोपायच्या जागेपासून दूर हलवणं, बारीक जाळीची मच्छरदाणी देणं, ग्रामपंचायतीकडून फवारणी करून घेणं, हे आपल्या हातातलं आहे. बॅचमधले किती तरी जण आज गावात शेती करतात, दोघं-तिघं पंचायतीतही आहेत. आणि पावसाळ्यात एखाद्या मुलाला जोराचा ताप येऊन झटके आले, ते झोपेत असल्यासारखं निपचित पडलं, तर सकाळची वाट बघायची नाही. अंगारा नाही, गल्लीतलं सलाइन नाही, थेट मोठ्या सरकारी दवाखान्यात. औषध नसलं तरी झटके थांबवणं, श्वास सांभाळणं, मेंदूची सूज उतरवणं हे तिथे करता येतं, आणि त्यावरच मूल वाचण्याची आशा असते. गाडी ज्याच्या दारात उभी आहे त्याने ती काढावी. मूल आपलं की मजुराचं, हा प्रश्न त्या रात्री कुणीही विचारू नये.

लस येईल तेव्हा येईल. २०२४ नंतर तिच्यावर पुन्हा जोमाने बोललं जाऊ लागलं आहे. तोवर पुढच्या पावसाळ्यापूर्वी आपल्यापैकी दहा जणांनी जरी आपापल्या मळ्यातल्या दहा खोल्या लिंपून घेतल्या, तरी हा लेख लिहिल्याचं सार्थक झालं असं मी मानेन.